व्हाळापलीकडचा नाग

आपल्या गावचा नाग खाजणगावच्या नागापेक्षा जास्त विषारी आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी सुरंगवाडीचे सरपंच भिकाजी धुरी दुपारी भाताची एक मूद जास्त जेवले. बायकोनं, रुक्मिणीनं, विचारलं की आज काय विशेष. भिकाजी म्हणाले की देवानं उशिरा का होईना, पण बघितलं.

देवानं बघायला उशीर केला होता हे खरं. सुरंगवाडी आणि खाजणगाव यांच्यामध्ये फक्त एक व्हाळ. पावसाळ्यात तो दोन्हीकडची शेतं सारखीच बुडवतो. पण बाकी देवानं आणि सरकारनं मिळून जे काही द्यायचं, ते सगळं खाजणगावाला दिलं. जेटी त्यांच्याकडे, बँक त्यांच्याकडे, प्राथमिक आरोग्य केंद्र त्यांच्याकडे. पर्यटक पाण्याखालचे मासे बघतात ते त्यांच्या होडीतून आणि पाण्याबाहेरचे खातात ते त्यांच्या खानावळीत. सुरंगवाडीत पर्यटक येतो तो रस्ता चुकला तर. दशावताराची एकच कंपनी दोन्ही गावांच्या जत्रेत नाटक करते. पण खाजणगावात पहाटेपर्यंत लढाई चालते आणि सुरंगवाडीत राजाला झोप येते म्हणून राक्षस लवकर मरतो. एवढं सगळं सोसून भिकाजी सरपंच झाले होते. आपल्या हातून गावाचं नाव व्हावं, ही त्यांची इच्छा होती. कशाबद्दल व्हावं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

ते डॉक्टर अनुजा यांनी ठरवलं, आणि तेही नकळत. या बाई पुण्याच्या एका संस्थेत नागाच्या विषावर संशोधन करायच्या. वनखात्याची परवानगी घेऊन त्या आणि त्यांची माणसं किनारपट्टीतल्या गावोगावी नाग पकडायची, काचेच्या भांड्यात त्यांचं विष काढून घ्यायची आणि नाग होता तिथे परत सोडून द्यायची. भिकाजींनी पहिल्यांदा त्यांना हो म्हटलं होतं, कारण संशोधन म्हणजे निधी असा त्यांचा समज होता. निधी आला नाही, पण थंडी सरता सरता बाई परत आल्या आणि काय सापडलं ते गावाला सांगायचं आहे म्हणाल्या.

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. अनुजाबाईंनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. नागाच्या विषात एक नाही, बरीच विषं असतात. काही मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाहीत. म्हणून आधी पापण्या मिटतात, मग जीभ जड होते, शेवटी श्वास थांबतो. काही नुसतं मांस कुजवतात. यावरचं औषध करताना घोड्यांना विष थोडं थोडं टोचतात आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढतात. पण ते विष येतं दूर दक्षिणेतल्या सापांचं. आपल्याकडच्या नागांचं विष थोडं वेगळं निघालं आहे, त्याला ते औषध जरा कमी पुरतं. म्हणून कोणाला साप चावला तर चालू नका, वेळ घालवू नका, आणि खाजणगावच्या केंद्रात औषधाच्या कुप्या जास्त ठेवायला हव्यात. दोन्ही ग्रामपंचायतींनी तसं मागणीपत्र दिलं तर काम लवकर होईल.

भिकाजींनी एकच प्रश्न विचारला. आपल्याकडचा म्हणजे आमचा, की खाजणगावचा?

बाईंनी पडद्यावर तक्ता आणला. सुरंगवाडीचा आकडा खाजणगावच्या आकड्याहून लहान होता. भिकाजींचा चेहरा पडला. इथेही हरलो, असं त्यांना वाटलं. तेव्हा बाई म्हणाल्या की आकडा लहान याचा अर्थ उंदीर मरायला विष कमी लागलं, म्हणजे विष जास्त जहाल.

"म्हणजे परीक्षेतल्या नंबरासारखं," भिकाजी म्हणाले.

बाईंच्या तोंडून हो गेलं. पुढे त्या म्हणाल्या की नमुने फार थोडे आहेत, फरक योगायोगाचाही असेल आणि नाग काही ग्रामपंचायतीची हद्द बघून राहत नाही. पण हे कोणी ऐकलं नाही, कारण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

आठवडा उलटायच्या आत सुरंगवाडीच्या फाट्यावर कमान उभी राहिली: 'अतिविषारी नागांच्या गावात आपले सहर्ष स्वागत.' मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानं अभिनंदनाचा ठराव पाठवला. हापूसला मानांकन मिळतं तर नागाला का नको, अशी चर्चा पारावर रंगली. उपसरपंच धोंडू मेस्त यांनी सिद्धांत मांडला की हा सगळा सुरंगवाडीच्या पाण्याचा गुण आहे. याच पाण्यावर माणसंही वाढली आहेत, म्हणून तर बाहेरून मुलगी द्यायला लोक घाबरतात. ज्यांचे बापजादे खरोखरच साप चावून गेले होते, त्या घरांनासुद्धा मान आला. इतकी वर्षं त्या मरणाला नशीब म्हणत होते. आता ती गुणवत्ता ठरली.

खाजणगाव गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांची सरपंच रसिका कुबल. वयानं भिकाजींहून बरीच लहान, पण बोलायला लागली की समोरच्याला आपण चुकलो ते आधी कळायचं आणि काय चुकलो ते नंतर. तिनं जाहीर केलं की खाजणगावातून नेलेले नाग पोरसवदा होते, तपासणी पुन्हा झाली पाहिजे. सुरंगवाडीत जो जहाल नाग सापडला, तोही मूळचा खाजणगावचाच. पलीकडे उंदीर जास्त, म्हणून जेवायला गेला होता.

या सगळ्यात अनुजाबाई मागणीपत्राचा मसुदा घेऊन ग्रामपंचायतीत आल्या. भिकाजींनी चहा मागवला, मसुदा वाचला आणि बाजूला ठेवला. कचेरीत ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत.

"मॅडम, औषध भरपूर आलं आणि माणसं बरी व्हायला लागली, तर मग आमच्या नागाला विचारणार कोण?"

हा माणूस थट्टा करतो आहे का, ते बाईंनी नीट बघितलं. तो थट्टा करत नव्हता. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि व्हाळ ओलांडून खाजणगावात गेल्या. रसिकानं मसुदा वाचला, कुप्या खराब न होता किती महिने राहतात ते विचारलं आणि सही केली. सही करता करता तपासणी पुन्हा करायची आठवणही दिली. पावसाच्या तोंडावर खाजणगावच्या केंद्रात कुप्या आल्या. भिकाजींना ते कळलं तेव्हा ते धोंडूला म्हणाले की बघ, त्यांच्या नागाला औषध पुरतं म्हणूनच मागवलं. आपल्याला मागवून उपयोगच नाही.

भांडण एवढ्यावर थांबलं असतं. पण रसिकानं व्हाळावरच्या साकवाच्या पलीकडच्या टोकाला, सुरंगवाडीतून येणाऱ्याला बरोबर समोर दिसेल असा बोर्ड लावला: 'अस्सल नागांचे मूळ गाव खाजणगाव. आमची कोठेही शाखा नाही.'

तो 'शाखा' शब्द भिकाजींच्या घशाखाली उतरेना. चार दिवस त्यांनी काढले. पाचव्या दिवशी दिवेलागणीला, माडांना पाणी सोडून येतो असं रुक्मिणीला सांगून ते बाहेर पडले आणि सरळ साकव ओलांडून बोर्डापाशी गेले. आजूबाजूला कोणी नव्हतं. बोर्डाचे खांब रोवून त्यांच्या बुडाशी जांभे चिरे रचले होते. चार चिरे काढले की बोर्ड आपणहून पडेल आणि दोष वाऱ्यावर जाईल, असा त्यांचा हिशेब होता. एक चिरा निघाला. दुसऱ्यासाठी त्यांनी फटीत हात घातला आणि मधल्या बोटात तापलेला दाभण शिरावा तसं झालं. हात ओढून ते मागे झाले. फटीतून फणा वर आला, क्षणभर त्यांच्याकडे बघितल्यासारखा डोलला आणि आत गेला.

पान लागलं. साप चावला असं आपल्याकडे म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. भिकाजींच्या मनातही तेच शब्द आले. त्यामागून देव आठवायचा, बायको आठवायची, तर आठवलं हे की आपण उभे आहोत ती जमीन खाजणगावची आहे. इथे पडलो, तर खाजणगावच्या नागानं सुरंगवाडीचा सरपंच मारला असं होईल. आणि अनुजाबाईंनी जे एकच करू नका म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, ते त्यांनी केलं. ते चालले. चालले कसले, जवळजवळ धावले. साकव ओलांडून आपल्या हद्दीतल्या जांभळीखाली बसले आणि मग ग्रामपंचायतीच्या शिपायाला, लवूला, फोन लावला.

लवू मोटारसायकल घेऊन आला तेव्हा मागे रुक्मिणी बसलेली होती. भिकाजींनी सांगितलं की सरळ ओरोसला घेऊन चल, जिल्ह्याच्या इस्पितळात. खाजणगावात नको.

"नाक ओरोसाक मागसून न्हेवया," रुक्मिणी म्हणाली. "आधी जीव खाजणगावात."

दोघांच्या मध्ये त्यांना बसवून गाडी परत त्याच साकवावरून गेली. बोर्डासमोरून जाताना भिकाजींनी मान वळवली.

केंद्रातले डॉक्टर मितेश तरुण होते. त्यांनी हात बघितला, कुठे चावला ते विचारलं. भिकाजी म्हणाले, सुरंगवाडीत. डॉक्टर म्हणाले, मी हातावर कुठे ते विचारतोय. पण लवूनं पहिलं उत्तर ऐकलं होतं आणि बाहेर जाऊन गावाच्या गटावर टाकलंही होतं: 'सरपंचांक आपल्या नागाचा पान लागला.' घटकाभरात केंद्राच्या पडवीत अर्धी सुरंगवाडी जमली.

सलाइनमधून औषध सुरू झालं आणि भिकाजी विचार करू लागले. आपण म्हटलं, चावला तो सुरंगवाडीचा. आता दोन तासांत उठून बसलो तर लोक म्हणतील, हाच का तो अतिविषारी? बरं, खरं सांगावं की खाजणगावचा होता, तर जितके आपण जास्त आजारी पडू तितकं खाजणगावचं नाव होणार. म्हणजे बरं व्हायचं तर खाजणगावच्या नागापासून आणि मरायचं तर सुरंगवाडीच्या. यातून मार्ग निघेना. तेवढ्यात समोरच्या ट्यूबलाइटच्या दोन ट्यूबलाइट झाल्या. त्यांनी डोळे ताणून उघडे ठेवले. पापण्या ओल्या गोणत्यासारख्या खाली येत राहिल्या. रुक्मिणीला काही सांगायला गेले तर जिभेचा गोळा हलेना. मग मात्र दोन्ही गावं त्यांच्या मनातून गेली. छातीवर कोणी पाय देऊन उभं असल्यासारखं झालं. डॉक्टरांनी घशात नळी घातली, नळीला रबरी पिशवी लावली आणि हातानं दाबत श्वास द्यायला सुरुवात केली. ओरोसहून रुग्णवाहिका निघाली होती, पण वाटेत होती.

भिकाजींचे डोळे मिटले होते, हात पाय निर्जीव पडले होते. पण कान चालू होते. ही गोष्ट पडवीतल्यांना माहीत नव्हती.

"अर्ध्या तासात धडधाकट माणूस आडवो केल्यान," कोणी तरी खिडकीपाशी म्हणालं. "आता खाजणगाववाल्यांनी तोंड उघडूचा नाय."

त्या आवाजात दुःख होतं. पण दुःखाच्या आत काही तरी ताठ मानेनं उभं होतं, आणि भिकाजींना ते चांगलंच ओळखीचं होतं. दुसरा म्हणाला की कमानीवर सरपंचांचं नाव घालावं लागेल. धोंडू मेस्त म्हणाले, घालूया, आणि फोटो कोट घातलेला लावूया, त्यात ते बरे दिसतात. खाली लिहूया, अतिविषाचे पहिले मानकरी. मग आवाज खाली आणून धोंडूंनी लवूला विचारलं की सरपंचपद रिकामं झालं तर निवडणूक किती दिवसांत लागते. लवूनं बघून सांगतो म्हटलं.

भिकाजींनी ओरडायचं ठरवलं. करंगळीही हलली नाही. मिटल्या डोळ्यातून पाणी आलं, ते परिचारिकेनं कापसानं टिपलं आणि डोळा कोरडा पडू नये म्हणून वर पट्टी चिकटवली.

मग दारात रसिकाचा आवाज आला. डॉक्टरांना औषधाचा पुढचा डोस लावायचा होता आणि पिशवी दाबून परिचारिकेचे हात भरून आले होते. रसिकानं साडीचा पदर खोचला आणि पिशवी हातात घेतली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही स्वतः श्वास घेता त्या बेतानं दाबा, आणि बोलत राहा, त्यांना सगळं ऐकू येत असणार. रुक्मिणी पायाशी उभी होती. तिनं नवऱ्याचा अंगठा धरला तो सोडला नाही.

रसिकानं पिशवीचा ताल आपल्या श्वासाशी जुळवला. मग वाकून हळू आवाजात बोलली.

"सरपंचानू, बोर्डाचो चिरो भायर पडलेलो मी बघलंय. बोर्ड माझो, चिरे माझे, म्हणजे नागय माझोच. तुमी मेलात तर खाजणगाव जिंकता." पिशवी दाबली, सोडली. "अशी जीत माका नको. माका भांडूक समोर माणूस होयो. धोंडूवांगडा भांडून माझा पोट भरूचा नाय. म्हणान जगा."

भिकाजींच्या उभ्या आयुष्यात त्यांना कोणी इतकी मोठी गोष्ट सांगितली नव्हती, आणि सांगणारीला उलट उत्तर देता आलं नाही असंही पहिल्यांदाच झालं.

रुग्णवाहिका आली. ओरोसला त्यांना यंत्रावर ठेवलं. एका सकाळी पापणीची फट उघडली आणि पलीकडे रुक्मिणी दिसली, एकच दिसली. पुढे बोटाचं टोक काळं पडलं, ते कापावं लागलं. बाकी माणूस शाबूत घरी आला.

गाव भेटायला आलं. बरं झालं म्हणाले सगळे, पण म्हणताना जरा चुळबुळत होते. पैज लावलेल्या बैलानं ऐन वेळी बसून घ्यावं, तसे भिकाजींकडे बघत होते. किती कुप्या लागल्या ते जो तो विचारायचा, आणि आकडा ऐकून म्हणायचा, तेवढ्यातच? धोंडू तर म्हणाले की औषध जरा जास्तच जोरदार असावं.

अनुजाबाई आल्या तेव्हा भिकाजींनी दार लोटून घेतलं आणि खरं ते सांगितलं. साकवापलीकडे चावला, बोर्ड पाडताना चावला, चावल्यावर मी चाललो. पदावर आल्यापासून इतकं खरं ते पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे बाई वहीत लिहून घेतील असं त्यांना वाटलं. बाई म्हणाल्या की तो नाग सापडला नाही, विष किती गेलं ते माहीत नाही आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. संशोधनाला याचा उपयोग नाही.

"म्हणजे खोटं बोललो असतो तरी चाललं असतं?"

"विज्ञानाला चाललं असतं," बाई म्हणाल्या. "सही न करणं तेवढं चालण्यासारखं नव्हतं."

पुढच्या ग्रामसभेत भिकाजींनी मागणीपत्र काढलं. धोंडू उभे राहिले आणि म्हणाले की औषध वाढलं, माणसं बरी व्हायला लागली, तर आपल्या नागाला विचारणार कोण? माना डोलल्या. भिकाजींना चाल ओळखीची होती. ती त्यांनीच बांधली होती. माणसाच्या जिवाबद्दल काही बोलावं असं त्यांना वाटलं. मनातल्या मनात त्यांनी ते बोलूनही बघितलं. मग समोरच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि बेत बदलला.

ते म्हणाले की खाजणगावच्या फ्रिजमध्ये आज ज्या कुप्या आहेत, त्या सगळ्या खाजणगावच्या मागणीवर आलेल्या. उद्या आपला माणूस तिथे वाचला, तर वाचवला कोणी? खाजणगावानं. जन्मभर त्यांचं ऐकून घ्यायचं असेल तर ठराव नामंजूर करा.

सभेत गलका झाला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. खाजणगावच्या जेवढ्या कुप्या, तेवढ्याच सुरंगवाडीच्या नावे, वर एक जास्त. ती एक धोंडूंनी घालायला लावली.

कुप्या आल्या. डॉक्टर मितेश यांनी फ्रिजचे दोन कप्पे केले, वरच्यावर सुरंगवाडी अशी चिठ्ठी लावली आणि खालच्यावर खाजणगाव. साठा दुप्पट झाला होता. चिठ्ठ्या लावायला त्यांचं काही जात नव्हतं. हात जाईल त्या कप्प्यातली कुपी ते घेणार होते.

तसंच झालं. भातकापणीत खाजणगावच्या एका शेतकऱ्याला पान लागलं आणि डॉक्टरांनी त्याला वरच्या कप्प्यातल्या कुप्या दिल्या. हे फुटायला वेळ लागला नाही. धोंडू चार माणसं घेऊन ग्रामपंचायतीत आले. आपल्या हक्काच्या कुप्या शत्रूच्या अंगात गेल्या म्हणून त्यांचा आवाज कापत होता. भिकाजींनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की त्या दिलेल्या नाहीत, उसन्या दिल्या आहेत. जोवर परत येत नाहीत, तोवर खाजणगाव आपल्या उपकारात. माणसं चहा पिऊन समाधानानं घरी गेली.

ती गेल्यावर भिकाजींनी रसिकाला फोन लावला.

"गो रसिका, डोळे उघडल्यान काय तेना?"

"उघडल्यान. नळी काढल्यार पयला काय विचारल्यान, तर नाग खंयचो."

"मगे तू काय सांगलंस?"

"सांगलंय, गोव्याचो."

भिकाजींना ते पटलं.